एक हजार नऊ झाडांची वाटणी

मी सीमा मनोज निंभोरकर, वय सत्तावीस, तालुका चांदूर बाजार, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीत राहून हे लिहून राहिली. कोनी धमकावून लिहाले लावलं नाही. धमकी हाय, पन ते जिवाची हाय.

पह्यले झाडं. सासऱ्याच्या मांगं संत्र्याचा बगीचा तीन भावांत वाटाचा होता. मोठा गजेंद्र, मधला माहा मालक मनोज, लहाना कुलदीप. झाडं मोजले, एक हजार नऊ. तिघांत एक उरे. सासूले धरून चौघांत केले, तरी एक उरेच. माही बहीन प्राजक्ता अमरावतीले कॉलेजात हाय. ते म्हने, "ताई, हे मूळ संख्या होय. एक न् ते स्वतः सोडून कोन्याच आकड्यानं भाग जात नाही. मी एकतीसलोक भागून पाह्यलं. समोर पाहाचं कामच नाही, बत्तीस गुना बत्तीस त्याच्या वर जाते."

गजेंद्र म्हने, "उरलेलं मोठ्याचं." मनोज म्हने, "कोनाचंच नाही," न् त्यानं विहिरीजवळचं झाड तोडलं. गजेंद्रनं त्याच्याच हातची कुऱ्हाड हिसकली न् मानीत घातली. दुसरा घाव खांद्यात. मी पदर कोंबला, माहे हात कोपरालोक रगतानं भरले. दवाखान्याची गाडी येईलोक मनोज गेला.

आता गजेंद्र जमानतीवर सुटला. काल विळा घेऊन फाटकात आला. म्हने, "सीमा, हजार आठ राह्यले. तिघांत जाते तसे दोघांतबी जाते. पाचशे चार, पाचशे चार." माह्या पोरीची, खुशीची वेणी धरून त्यानं विळा तिच्या गळ्याले टेकवला, हासला न् सोडलं.

म्हनून मनोजच्या हिश्शाचे तीनशे छत्तीस झाडं, खालच्या जमिनीसकट, माह्या पोरीले, खुशीले. वय सहा. सांभाळ प्राजक्तानं कराचा. मी त्यात एक कलम लावलं, तीनशे सदतीस केले. प्राजक्ता म्हने हेबी मूळ संख्या. असो. पन भाग जात नाही म्हनून मानूस थांबत नाही, हे मी पाह्यलं हाय.

तवा मी न् खुशी दोघीबी मेलो, तर सारे झाडं न् जमीन गावच्या शाळेची. भावायले एक फांदीबी नाही.

शिलाई मशीन प्राजक्ताले. कुलदीपले धुऱ्यावरचा, वावराच्या बांधावरचा दगड, भाऊ तुटून राह्यला होता तवा हा त्याच्यावर बसून पाहत होता. गजेंद्रनं माह्या मयतीले येऊ नये.

सासूले वाचून दाखवलं. बुढी म्हने, "मारनाराबी माहाच, मेला तोबी माहाच वं. सांग, अंगठा कुठी लावू?"

हे मृत्युपत्र मी मेल्यावर खोलाचं नाही. उद्या सकाळी ग्रामपंचायतीसमोर, गजेंद्रले उभं करून, मोठ्यानं वाचाचं. आमाले मारून हाती काहीच येत नाही, हे त्याले आमी जित्या असतानाच समजलं पाह्यजे.

साक्षीदार:
१. लीलाबाई निंभोरकर, सासू (डाव्या हाताचा अंगठा)
२. खुशालराव बोबडे, शेजारी (सही)

लिहून देनार: सीमा मनोज निंभोरकर (सही)
ठिकान: चांदूर बाजार
तारीख: ११ नोव्हेंबर २०२४