मॅकरोनी कोण करणार?

हार्लन बेंड, ओहायो
१२ मार्च २०२२

प्रिय थॅड,

तू बरा असशील असं धरून चालते. नसतास तर तुझ्या त्या बोलक्या शेजारणीने टुसॉनहून एव्हाना मला फोन केला असता. मी ठीक आहे. गुडघा पाऊस यायच्या आधी कुरकुरतो, आला की गप्प बसतो. नदीवरचं धुकं यंदा हटायचं नाव घेत नाही. सकाळी खिडकीतून पूल दिसतच नाही, नुसते दिवे तरंगताना दिसतात. शाळेची बस चालवणं सोडून इतकी वर्षं झाली, तरी असं धुकं पाहिलं की खुर्चीत बसल्या बसल्या माझा पाय ब्रेक शोधतो.

तुझं कार्ड पोचलं. आईच्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधीच. पाकिटावर आईचं नाव आणि तुझं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर. मी उघडलं नाही. तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर आधीच्या कार्डांच्या शेजारी उभं करून ठेवलं आहे. तुझं तिच्याशी जे काय बोलणं आहे ते तुमचं तुम्ही बघा. मला दोन ओळी लिहिल्या असत्यास तर तुझं काही बोट झिजलं नसतं, पण ते असो.

बातमी अशी की गावाला पैसे आले आहेत. वॉशिंग्टनहून, साथीच्या मदतीचे. आता ते कशावर खर्च करायचे हे म्हणे आपल्यालाच विचारणार. गेल्या महिन्यात शाळेच्या व्यायामशाळेत बोलावलं होतं. भिंतीला मोठाले फलक लावलेले: गटारं, बागा, पोलिसांच्या गाड्या, दुकानदारांना मदत. प्रत्येकाच्या हातात गोल रंगीत टिकल्या दिल्या. आपल्याला जे हवं त्या फलकावर चिकटवायच्या. मी आणि आपल्या चर्चचा डीकन ओटिस बराच वेळ टिकल्या हातात धरून फिरलो. आम्हाला हवं ते कुठल्याच फलकावर नव्हतं.

लिंडन स्ट्रीटचा हॉल तुला आठवतच असेल. आपल्या चर्चला कधी धड स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे कुणालाही माती दिली की सगळे स्मशानातून सरळ तिथेच यायचे. रडून डोळे सुजलेले आणि हातात कोंबडीचा तुकडा. ओटिस चुलीपाशी, बायका टेबलांशी, आणि तासाभरात कोणीतरी गेलेल्या माणसाचा एखादा गाढवपणा सांगून सगळ्यांना हसवायचं. हॉल गावाच्या मालकीचा. साथीच्या आधीच तिथला धूर ओढणारा पंखा बिघडला, तपासनीस आला आणि चुलीला सील ठोकून गेला. मग साथ आली, आणि तशीही कोणाला जमायची परवानगी नव्हती. दहा माणसं कबरीपाशी, लांब लांब उभी, की चला आपापल्या घरी.

ओटिसने हॅलोरनला गाठलं. हा नगरपालिकेचा हिशेबनीस, माणूस भला, कान लाल आणि टाय आखूड. ओटिस म्हणाला, "साहेब, आम्हाला मातीनंतरचं जेवण घालायचं आहे. दोन वर्षांत जे गेले त्या सगळ्यांचं. बाकी आहे ते."

हॅलोरनने मनापासून ऐकलं. म्हणाला, "अन्नाची अडचण आहे ना? त्याची तरतूद आहे. लगेच करतो."

आणि केली की बाबाने! पुढच्याच आठवड्यात हॉलच्या अंगणात ट्रक. गाडीतून उतरायचं नाही, काच खाली करायची, खोकं घ्यायचं. वाटाण्याचे डबे, सफरचंदं, दुधाची पावडर. "भूक लागली म्हणून रडलं कोण होतं?" असं म्हणत ओटिस तणतणत होता, पण खोकं त्याने घेतलं. मीही घेतलं. राग आपल्या जागी, वाटाणे आपल्या जागी.

घरी येऊन दुपारी जरा डोळा लागला. स्वप्नात हॉल होता. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, आत गुडघाभर नदीचं पाणी, आणि त्यात उभी राहून आई कोलार्डच्या भाजीची पानं धूत होती. पाण्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. मला म्हणाली, "ताटं मोज." मी मोजत होते, आणि ती वाढतच होती.

पत्र लिही. मला.

तुझी बहीण,
अर्लीन


हार्लन बेंड
१८ जून २०२२

प्रिय थॅड,

पोस्टकार्ड मिळालं. पुढच्या बाजूला निवडुंग, मागे तीन शब्द. "मॅकरोनी कोण करणार?" ना नमस्कार, ना चमत्कार. दोन वर्षांनी भाऊ मला लिहितो आणि काय लिहितो, तर हे. मी ते वाचून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसले, मग बसले, मग काय झालं ते सांगत नाही.

प्रश्न मात्र बरोबर आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून आधी सभेचं सांगते.

नगरपालिकेत पैशांची शेवटची सुनावणी होती. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. समोर दिवा. हिरवा असेपर्यंत बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की बसा. आमच्या आधी कोवाल्चिकबाई उठल्या. पूर्वेकडच्या सखल भागात राहतात, नवरा तिकडच्या काच कारखान्यात होता. सोबत एक अकॉर्डियन घेऊन आल्या होत्या. भाता कुजलेला, अर्ध्या पट्ट्या निघालेल्या. "दर पावसात गटार माझ्या तळघरात येतं," म्हणाल्या. "हे माझ्या स्टॅनचं. हे मला घाणीत तरंगताना सापडलं. मला गटार दुरुस्त करून हवं, दुसरं काही नको." दिवा हिरवा असतानाच बसल्या. मला त्यांचा राग आला, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं आणि पैसे एकच होते.

मग आपली माणसं. थॅड, काय सांगू तुला! आधी ओटिस गेला. तो आपल्या बायकोबद्दल, लुएलाबद्दल बोलला. ती लग्नाच्या दिवशी उशिरा कशी आली, आणि चाळीस वर्षं तो टोमणा कसा ऐकत राहिली. मागून आपले लोक सुरू: "सांग, डीकन!" "खरंय, खरंय!" लाल दिवा लागला. पुढचा उठला, आपल्या मुलाबद्दल बोलला. पुढची आपल्या मावशीबद्दल. रविवारी चर्चमध्ये जशी साक्ष देतात तशी एकेकाने दिली. कुणी गुणगुणायला लागलं, कुणी पायाने ठेका धरला. सभागृहातली उंच खुर्च्यांवरची माणसं एकमेकांकडे बघत होती. मला वाटलं त्या खोलीत धुकं शिरलं आहे आणि सगळे गेलेले मागच्या भिंतीशी उभे राहून ऐकताहेत.

माझी पाळी आली. मी घरी सगळं पाठ केलं होतं. चूल, पंखा, गळकं छप्पर. माईकपाशी गेले आणि म्हटलं, "माझी आई." पुढे शब्द नाही. हिरवा, पिवळा, लाल. मी परत येऊन बसले. शेजारी बसलेल्या बाईने माझा हात धरला.

तेव्हा अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "तुमच्या सगळ्यांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण तुमची मागणी नेमकी काय आहे?"

आमच्या तेव्हा लक्षात आलं की कोणी मागितलंच नाही! इतके जण बोलले, आणि चूल हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नव्हता. साक्ष देताना कोणी मागतं का? देणारा देतो, ऐकणारा समजून घेतो, आपल्याकडे असंच आहे. आणि आता बोलायची वेळ संपली होती. ओटिसने डोकं हातात धरलं.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कोवाल्चिकबाई. दिवा नाही, माईक नाही, परवानगी नाही.

"त्यांना चूल हवी आहे!" त्या ओरडल्या. "कळत कसं नाही तुम्हाला? माणसं मेली आणि कोणी जेवलं नाही! माझा स्टॅन गेला तेव्हा मी घरी येऊन एकटीने उभ्याने बिस्किट खाल्लं. माणसाला असं पोचवतात का?"

अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाई, आपण खाली बसा."

"बसते. पण आधी माझं गटार!"

सगळी सभा हसली. हॅलोरनसुद्धा. मग त्याचे कान आणखी लाल झाले आणि तो आमच्याकडे बघून हळूच म्हणाला, "म्हणजे खोकी नको होती." ओटिस म्हणाला, "वाटाणे चांगले होते, साहेब."

निकाल असा: मोठा वाटा गटाराला. योग्यच आहे. आमच्या वाट्याला चूल आणि धुराचा पंखा. छपराला पैसे उरले नाहीत. आणि हॅलोरनने बजावून सांगितलं की या पैशातून लोखंड घेता येतं, कोंबडी घेता येत नाही. ओटिस म्हणाला, कोंबडीचं आम्ही बघतो.

तर आता जेवण होणार, थॅड. ऑक्टोबरात. मॅकरोनीचं विचारलंस, म्हणून सांगते. दोघी-तिघींनी भीत भीत विषय काढला होता. मी फक्त बघितलं त्यांच्याकडे. तुला ठाऊक आहे, आईच्या हयातीत त्या हॉलमध्ये दुसऱ्या कोणाची मॅकरोनी टेबलावर आली नाही. एकदा पाद्रीणबाईंनी आणली होती, ती लोकांनी अदबीने वाढून घेतली आणि कुत्र्याला घातली.

"आईच्या हयातीत" असं लिहून गेले. खोडत नाही.

अर्लीन


हार्लन बेंड
३० ऑक्टोबर २०२२

माझ्या लाडक्या थॅड,

तू आला नाहीस. रागावलेले नाही. दाराकडे बघत होते इतकंच.

गेल्या रविवारी जेवण झालं. सकाळपासून धुकं होतं आणि माणसं त्यातून एकेक करून उगवत होती, हातात पातेली, अंगावर काळे कपडे, डोक्यावर त्या मोठ्या टोप्या. नवी चूल पेटली तेव्हा ओटिसने टोपी काढली. धूर सरळ वर गेला. छप्पर मात्र गळतंय अजून, मधोमध बादली ठेवली होती, आणि ओटिसने पोरांना दम दिला होता की ते पाणी रश्श्यात पडलं तर बघा. कोवाल्चिकबाई कोबीचे मुटके घेऊन आल्या. "गटार अजून खणताहेत," मला म्हणाल्या, "तोवर तुमच्याकडे जेवते." हॅलोरनही आला, बायकोला घेऊन. त्याने तीनदा वाढून घेतलं.

टेबलावर सगळं होतं. कोंबडी, कोलार्ड, रताळ्याचे गोड पाई, मक्याचा पाव. आणि मधोमध एक जागा मोकळी. कोणी ठरवलं नव्हतं. पातेली आली तशी बायका ती मांडत गेल्या आणि नेमकी तेवढी जागा सोडत गेल्या, आईचं ते निळं भांडं बसेल एवढी. मी ती जागा बघितली आणि खुर्ची ओढून बसले.

जेवणाआधी एकेका घराने उठून आपल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं, आणि बाकीच्यांनी म्हणायचं, "घरी पोचली." किंवा "घरी पोचला." ओटिसने लुएलाचं नाव घेतलं. "घरी पोचली." कोवाल्चिकबाई म्हणाल्या, "स्टॅनिस्लॉव." त्यांना वाटलं नव्हतं, पण सगळा हॉल गरजला, "घरी पोचला!" त्या हातरुमालाने तोंड झाकून बसल्या.

माझी पाळी आली. मी उभी राहिले. सगळे वाट बघत होते. मी म्हटलं, "माझा भाऊ यायचा आहे."

कोणी हसलं नाही. ओटिस चुलीपाशी होता, तिथूनच म्हणाला, "मग थांबू. घाई कसली? चूल आता कुठे जात नाही." आणि त्याने पुढच्या घराकडे बघितलं.

थॅड, साथीच्या त्या पहिल्या एप्रिलमध्ये तू फोनवर होतास. चुलतभावाने फोन वर धरला होता, पाऊस होता, आणि पेटी कबरीत उतरायच्या आधीच तुझ्याकडचं चित्र गोठलं. तू ते मला नंतर सांगितलंस, की तुझ्या डोळ्यांसमोर आई अजून दोरांवर अधांतरी आहे. त्यानंतर तू फोन उचलला नाहीस. आणि कार्डं यायला लागली. मी समजले. तू तिला खाली उतरू देत नव्हतास. मीही कुठे दिलं? तिची खोली झाडते, उशी झटकते, कार्डं मांडते, आणि स्वप्नात ती पाण्यात उभी असते. तिचे पाय गार पडले असतील रे.

म्हणून आता लिहिते, आणि लिहिताना रडते आहे, ते तुला डागांवरून कळेलच. आई गेली, थॅड. आपली आई गेली. तिला माती दिली, पण तिच्या नावाने आपण दोघांनी एक घास खाल्लेला नाही, आणि मला तो एकटीने गिळवत नाही. मला तू हवा आहेस.

नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार मी हॉलसाठी धरला आहे, तुझ्या नावावर. ओटिस चूल पेटवील. कोवाल्चिकबाईंनी न विचारताच येणार म्हणून सांगितलं आहे. कोंबडी मी करीन, पानं मी धुईन. पण मॅकरोनी आईने मला कधी शिकवली नाही. कितीदा मागे लागले, म्हणायची, "तुझा हात घाईचा, बस चालवणारीचा." तुला शिकवली. तू दहा वर्षांचा असशील, स्टुलावर उभा राहून चीज किसत होतास, आणि तिने दार लावून घेतलं होतं. जगात ती आता एका माणसाला येते.

तेव्हा तुझ्या पोस्टकार्डाचं उत्तर घे. तू करणार.

येताना हात रिकामे आण. निळं भांडं मी घासून ठेवलं आहे. तुझी कार्डं तूच तिला वाचून दाखव, मग आपण तिचं नाव घेऊ, मोठ्याने, दोघं मिळून.

तोवर जेवायची थांबलेली,
तुझी अर्लीनताई