उपाशी बरणी

सोलापूर,
ता. ९ ऑक्टोबर १९७५

प्रिय आक्का,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत, तुम्हीही सगळे असालच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी अजून आहे, पण उरलेल्या एका डोळ्याने ती सगळ्या गल्लीवर नजर ठेवून असते. डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीय, म्हणून मी घरात असले की तेवढ्यापुरती ती वाकत नाही.

दाजींचं कार्ड मिळालं. दिवाळीनंतर साखर कारखान्याचा हंगाम लागला की तूही कामाला जाणार आणि बाळाला सांभाळायला मायाला शाळेतून काढणार, हे वाचलं. त्यावर लिहायचंच आहे. पण आधी इकडची गंमत सांगते. म्हणजे तुला गंमत वाटेल, मला अजून वाटत नाही.

रत्नागिरीला माझं काम समुद्राच्या पाण्यावर, हे तुला ठाऊक आहे. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक वनस्पती असतात, त्यांना प्लवक म्हणतात. कोळंबीच्या पिल्लांपासून बांगड्यापर्यंत सगळ्यांचं पोट शेवटी त्यांच्यावर. पावसाळ्यात नद्या किनाऱ्याला खतमाती आणून टाकतात. त्यात काय जास्त आणि काय कमी, यावर कुठल्या जातीचं फावतं ते ठरतं. हे मला दाखवून द्यायचंय. आईसाठी रजा मागितली तेव्हा आमचे सर म्हणाले, पाणी बरोबर घेऊन जा. म्हणून दोन कॅन ओल्या पोत्यात गुंडाळून एस.टी.ने आणले. कंडक्टरने वास घेत विचारलं, "मासं हायत काय?" मी म्हटलं, "नाही, माशांचा चारा." तरी त्याने लगेज लावलंच.

खिडकीत चार बरण्या मांडल्या. पहिलीत नायट्रेट घातलं, दुसरीत फॉस्फेट, तिसरीत दोन्ही आणि वर सिलिकेट. चौथीत काहीच नाही. बाकी तिघींची वाढ तिच्याशी ताडून बघायची असते. आईला हे नीट समजावलं होतं. ती "व्हय, व्हय" म्हणाली. ती इतक्या लवकर व्हय म्हणते तेव्हा सावध व्हावं, हे तुला सांगायला नको.

तिसरी बरणी आठवड्यात तपकिरी झाली. सिलिकेट मिळालं की काचेसारख्या कवचाची जात जोर धरते, ते अपेक्षेप्रमाणेच झालं. पण चौथी! चौथी हिरवीगार. इथल्या माझ्या जुन्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, तर कवचवाले जेमतेम आणि भलतेच इवले हिरवे जीव नुसते वळवळतायत. बिनखताच्या पाण्यात हे आले कुठून? मी हुरळून सरांना पत्र टाकलं. सरही हुरळले.

मग गेल्या आठवड्यात मंगळवारी कॉलेजातून लवकर आले, तर आई खिडकीशी उभी. शेजारच्या काशम्माच्या शेळीच्या लेंड्या भिजवून ती तुळशीला घालते ना, तेच पाणी चमच्याने चौथ्या बरणीत घालत होती. रोज घालत होती म्हणे.

मी ओरडले, आक्का. आजारी माणसावर ओरडू नये इतकी ओरडले.

ती म्हणाली, "चौघींना एका वळीत बसिवलंस. तिघींना वाढलंस आन् हिच्या म्होरं पान रिकामं. आसला पंक्तिभेद मी कसा बघू?"

"अगं, ती बरणी आहे!"

"आसंल की. तुला न्हाय कळायचं. तू कायम वाढलेल्या पानावर बसलीस."

वाटी विसळून ती आडवी झाली. जरा वेळाने भिंतीकडे तोंड करूनच बोलली, "वच्छीला पाचवीतनं काढली, तवा रडली न्हाय ती. पाटी तेवढी माज्या हातात दिली आन् म्हणली, आता ही कुटं ठिवू?"

पाटीचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तुला अभ्यासाची आवड नव्हती, असंच मी समजत आले. तेच मला सोयीचं होतं. आई गिरणीत जायची आणि घरात तान्हं पोर होतं, हे माहीत होतं. ते पोर मी होते, एवढंच मी मनात कधी पुरतं म्हटलं नाही.

सरांना खरं ते कळवलं. प्रयोग बाद झाला, आणि समुद्रातून पाणी आणणाऱ्या बोटीवरची माझी जागा त्यांनी फेब्रुवारीपर्यंत दुसऱ्या मुलाला दिली. फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? दोन दिवस मी आईशी धड बोलले नाही.

आता मायाचं. तिला शाळेतून काढू नकोस. हे सांगायचा अधिकार सगळ्यांत कमी मला आहे, म्हणून नुसतं सांगून थांबत नाही. दिवाळी झाली की आईला घेऊन मी तुमच्याकडे श्रीपूरला येते. फेब्रुवारीपर्यंत बाळाला मी सांभाळेन. तोवर आईचा डोळा कामाचा होईल, पुढे ती आहे. दाजींना तू सांग. मी सांगितलं तर ते हसतील.

हसण्यासारखं आहेच म्हणा. मला लंगोट बांधता येत नाही, रडणारं मूल घेतलं की मलाच रडू येतं. ते सगळं तू शिकव. तुला दहाव्या वर्षी जमलं, मला सव्विसाव्या वर्षी जमायला हवं.

तुझ्या कडेवर मोठी झालेली,
विजू