कल्लगावची बुळकांडी आणि माझं भाषण

सोलापूर, ता. ५ मार्च १९३४
ऑर्डर आली. अक्कलकोटच्या वाटेवर कल्लगाव आहे, तिथल्या गुरांना बुळकांडीची लस टोचायची. त्याच रोगाने माळावर काळविटं मरून पडताहेत. शेजारच्या दोन गावांत रोग शिरला, गोठे रिकामे झाले. कल्लगाव अजून वाचलेलं आहे. गुरं तीनशे दहा. प्रोग्रॅम : रोज शंभर, तीन दिवस. वरची दहा मधल्या वेळात.

ता. ७
गाव कानडी बोलतं. नवी पेठेतून पुस्तक आणलं. आठ दिवसांत भाषा येते असं वर छापलंय. मला दीड दिवस पुरला. भाषण बायकोला, अनसूयेला म्हणून दाखवलं. तिला फार आवडलं. तिला कानडी येत नाही, पण भाव पोचतो.
शिपाई येडू त्याच मुलखातला. लोकांशी आधी मी बोलतो, म्हणाला. नको म्हटलं. शास्त्राच्या गोष्टी शिपायाने सांगायच्या नसतात.

कल्लगाव, ता. ८
लस बर्फाच्या पेटीत आहे. बर्फ तीन दिवस टिकेल, म्हणजे पुरेपूर. संध्याकाळी देवळापुढे भाषण. 'मी तुमच्या गुरांचा रोग काढायला आलो आहे' या वाक्यावर सभा स्तब्ध. एका बाईने पदर तोंडाला लावला. म्हणून ते वाक्य तीनदा म्हटलं. लोक लगबगीने घरी गेले. उद्या गर्दी आवरणार नाही. येडू तिकडे पेटीपाशी बसला होता, त्यामुळे त्याला ऐकता आलं नाही. त्याचंच नुकसान.

ता. ९, सकाळी ६
टेबल, सिरिंज, रजिस्टर तयार.

सकाळी ११
एकही जनावर नाही. या लोकांना वेळेची किंमत नाही.

दुपारी ४
सगळी गुरं पहाटेच माळावर हाकललीत. त्याच माळावर, जिथे काळविटं चरतात, पाणी पितात! संताप आला. स्वतः गेलो. काळविटांचा कळप हुसकावण्यासाठी छत्री उघडून धावलो. कळप नेमका गुरांमधूनच पळाला. गुरं उधळली. माझी योजना बरोबर होती, काळविटांनी दिशा चुकवली. गुडघा फुटला.

ता. १०
पाटील रेवणप्पा आले. शांतपणे म्हणाले, "डाक्टर, तुमी मराठीतच बोला की. आमाला समदी मराठी येती."
काल गुरं का लपवली, विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की माझ्या वाक्यात 'काढायला' नव्हतं, 'आणायला' होतं. मी गुरांना रोग आणायला आलोय, असं मी भर सभेत तीनदा सांगितलं म्हणे. शक्य नाही. इथली कानडी अशुद्ध आहे.
मराठीत सभा बोलावली. कुणी आलं नाही. निम्मा बर्फ गेला. बर्फवाल्याने हलका माल दिला असावा.

ता. ११
सोजरबाई नावाची एक विधवा आपली एकुलती गाय घेऊन आली. विहिरीवर येडूला लशीबद्दल दोन-तीनदा खोदून विचारलं होतं तिने. मला म्हणाली, "टोचा. मेली तर तुमच्या दारात आणून टाकीन."
टोचली. मग तिच्या आळीतले सगळे आले. माझ्या भाषणाचा परिणाम जरा उशिरा होतो, इतकंच. एक्केचाळीस झाली आणि बर्फ संपला. उरलेली लस ओतून टाकली. नियमच आहे.
निघताना पाटलांना बजावलं, आठ दिवसांत नवी लस आणतो, तोवर गुरं माळावर सोडू नका. गावात चारा कुठं आहे, असं त्यांनी विचारलं. तो विषय माझ्या खात्याचा नाही.

सोलापूर, ता. १७
रिपोर्ट दिला. इंग्रजीत, अकरा पानं. नव्या लसीची मागणी अकराव्या पानावर आहे. साहेब अजून सहाव्यावर आहेत.

ता. २२
साहेब नवव्यावर. मधे दोन स्पेलिंगं विचारली. येडू रोज विचारतो, कधी निघायचं. त्याला गप्प राहायला सांगितलं.

कल्लगाव, ता. २९
लस मिळाली, आलो. वेशीपासूनच वास. माळावर चरलेल्या गुरांत रोग शिरलाय. सत्तावन्न गेली. सोजरबाईच्या आळीतली एक्केचाळीस उभी आहेत.
भाषण केलं नाही. येडू चार वाक्यं बोलला. लोक उरलेली धडधाकट गुरं घेऊन रांगेने आले. कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.
संध्याकाळी पाटलांनी आपल्या गोठ्यात नेलं. एक बैल काल गेला होता. दुसरा बसलेला, तोंडाला फोड, डोळ्यांतून पाणी.
"ह्येला टोचून आता काय उपेग हाय का?"
मी नाही म्हटलं. ते बैलापाशी खाली बसले. मीही बसलो.