तिसरं नोझल

अण्णा,

तुमची पिकअप आज तुळजापूरच्या घाटाच्या तोंडावर आचके देऊ लागली, आणि शेजारी आई होती. तिला पहाटेपासून धाप लागलेली. गावच्या डॉक्टरांनी सोलापूरला हलवा म्हटलं, धाकटा भाऊ कामावर गेलेला, म्हणून गाडी मीच काढली. पांढरा धूर, ठोके, कितीही पाय दाबला तरी जोर नाही. पुढं उतार, आणि उतारावर देवीला पायी निघालेली माणसं. इंजिन बंद पडलं की दोन-चार दाबांत ब्रेक दगड होतो, लागत नाही, हे तुम्हीच सांगून ठेवलेलं. गाडी कडेला घेतली.

कारण तिथंच कळलं. काल खंडेनवमी. धाकट्यानं पूजेसाठी गाडी धुतली ती प्रेशरचा पाइप लावून, टाकीच्या झाकणावरसुद्धा. त्या झाकणाचं रबर तुमच्या वेळेपासून फाटलेलं. तुम्ही आधी झाकणाला पिशवी बांधायचा, मग बादलीनं पाणी मारायचा, आणि आम्ही हसायचो, अण्णा गाडीला टोपडं घालतात म्हणून. काल टोपडं घालायचं राहिलं आणि डिझेलमध्ये पाणी गेलं. बोनेटवर झेंडूची माळ मात्र होती.

मी कायमची माहेरी आले त्या सालची एक दुपार आठवते. तुम्ही अंगणात बोनेट उघडून मला पाना धरायला लावता. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणते, "बाईच्या जातीला डिझेलात हात कशाला घालायला लावता?" तुम्ही वर न बघता म्हणता, "वाटंत बंद पडली तर जात बघून चालू हुती व्हय?" मी गळती बघायला बोट पुढं करते आणि तुम्ही फटकन हात झटकता. "बोट न्हाय, पुठ्ठा धर. पंपाचं डिझेल सुईवानी कातड्यात घुसतंय." मला ते लागलं होतं, हाताला नाही, मनाला. मग जरा नरमून तुम्ही शिकवता, "इंजिन चालू ठिवून एकेका नोझलचा, म्हंजी सिलिंडरात डिझेल फवारणाऱ्या तोटीचा, नट जरासा सैल कर. इंजिनाचा आवाज खाली पडला तर ते काम करतंय. फरकच पडला न्हाय, तर रोग तिथंच हाय."

आज तसंच केलं. फिल्टरच्या खालचा स्क्रू सैल केला आणि त्याखाली पाण्याची रिकामी बाटली अर्धी कापून धरली. डिझेलच्या खाली पाणी वेगळं दिसत होतं. ते काढलं, फिल्टरवरचा हातपंप मारून हवा काढली, गाडी सुरू केली. नटाभोवती फडकं गुंडाळून, तोंड लांब ठेवून एकेक नट सैल केला. पहिल्याला आवाज पडला, दुसऱ्याला पडला. तिसऱ्याला काहीच नाही. चौथं चांगलं होतं. तिसरं नोझल अडकलेलं, आणि ते रस्त्यावर माझ्यानं होण्यासारखं नव्हतं. आईचे ओठ काळवंडत चाललेले. तीन सिलिंडरवर घाट उतरायचं ठरवलं. दुसऱ्या गिअरमध्ये, पायी माणसांच्या बाजूनं हॉर्न देत उतरत राहिले. एका कानानं इंजिन ऐकत होते, दुसऱ्यानं आईचा श्वास, आणि यातलं आधी काय थांबेल याचीच भीती होती. एका वळणावर इंजिनावरचा ताण कमी करावा म्हणून माझा हात गिअरकडं गेला. आई डोळे मिटूनच म्हणाली, "न्यूट्रल करू नगं बाई. तेनी कवा केली न्हाय."

पोचलो, अण्णा. तिला आत घेतलं, ऑक्सिजन लावला. मी गाडी आवारात लावली, पण बंद करायला हात धजेना. वॉचमन दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "ताई, बंद करा की. धूर आत जायलाय." आत आईच होती. चावी फिरवली. तुम्ही गेलात तेव्हा घर असंच गप्प झालं होतं, आणि कितीतरी दिवस मी अंगणात गाडीचा आवाज यायची वाट बघायची.

डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. गाडीच्या केबिनमध्ये बसून हे लिहितेय. कागद तुमच्या पान्यांच्या पिशवीत राहील. आईला घरी न्यायचं तर गाडी सुरू होते का, हे एकदा बघायला हवं. तुम्ही असता तर केव्हाच बघितलं असतं. मी अजून बघितलेलं नाही. चावी मुठीत धरून बसलेय. आधी आई बाहेर येऊ दे.