अप्पांना बसवताना

बीड,
९ फेब्रुवारी १९९६

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. एवढी चिडलीस, की खाली आशीर्वाद लिहायलाही विसरलीस! अप्पांच्या मरणाचा तमाशा मांडतोस, नाटक बंद कर, नाहीतर तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई, असं बजावलंयस. आपल्या राजेश्वरदादानं तुझे कान भरलेत, हे काय मला कळत नाही? तर आधीच सांगतो, नाटक बंद होणार नाही. येत्या रविवारी प्रयोग आहे म्हणजे आहे. आता राग गिळ आणि पुढचं वाच.

दिवाळीनंतर पुण्याला गेलतो, तेव्हा एका जपानी माणसाचा नाच पाहिला. बुतो म्हणतात त्याला. नाच कसला, माणूस हलतच नव्हता! अंगभर पांढरा रंग, डोळे अर्धे मिटलेले, आणि उभ्याचा तो बसायला लागला. इतका हळू, की माझ्या शेजारचे गृहस्थ वैतागून उठून गेले. तो पुरता खाली बसला, हात मांडीवर आला, आणि मला हुंदकाच फुटला गं. समोर अप्पा दिसले. भिंतीला टेकवून बसवलेले, अंगाला विभूती, डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मी लहानपणापासून पाहतोय. पण ते डोळे उघडून पाहायला पुण्यात जाऊन जपानी माणसाचं तिकीट काढावं लागलं.

बीडला आल्यावर तेच नाटकात बसवायला घेतलं, पण आधी सगळं चुकलंच. मी त्या जपान्याची नक्कल करत होतो. कोर्टात नावांचा पुकारा करतो ना, तो रविराज, त्याला अप्पा केलं, सफेदा फासला आणि म्हटलं, हळूहळू बस. घामानं रंग ओघळला, दाराशी जमलेली पोरं भूत भूत म्हणून खिदळली. रविराज उखडला. काहून छळतो बे, एखादा डायलॉग तरी दे, म्हणाला. आठवडाभर आमचा अबोला. मग एकदा दुकानात बसल्या बसल्या आठवलं, की अप्पा आपले आपण कुठं बसले होते? आपल्या माणसांनी त्यांना बसवलं होतं. एकानं मान सावरली, एकानं पाठ, आणि म्हाळूकाका गुडघे असे दुमडत होते, की जणू अप्पांना दुखेल. बस्स, नाटक सापडलं! आता रविराज काहीच करत नाही, सगळा भार दुसऱ्यांच्या हातावर टाकतो. त्याला ते लई अवघड गेलं.

सफेदा फेकून दिला आणि आईकडे विभूती मागितली. आधी ती कडाडली. मग स्वतःच तालमीला आली, शेवटपर्यंत बसली. उठून रविराजच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि म्हणाली, यांची अशी नव्हती. दादाला विचार, आईनं आणखी काही नावं ठेवली का ते. समाजातले लोक रागावतील म्हणतो तो. रागावू देत. घराघरात केबल आलीय, नाटकाला कुत्रं फिरकणार नाही, असंही तोच म्हणतो. मग रागवायला येणार तरी कोण?

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. अप्पा गेले त्या दिवशी तुमची गाडी चौसाळ्याच्या अलीकडे बंद पडली. आम्ही थांबलो, पण दिवस मावळायच्या आत उरकायला हवं म्हणून वडीलधारे अडून बसले. तू पोचलीस तेव्हा माती सारखी करून झाली होती. तू कुणाला बोल लावला नाहीस. मला फक्त विचारलंस, अप्पा कसे दिसत होते रे? मला सांगता आलं नाही, ताई. अजूनही येत नाही. म्हणून हे नाटक. त्यात शेवटी सगळे मिळून विभूती लावतात, पण कपाळाला मी कुणाला हात लावू देत नाही. लेकीचा हात राहिला होता ना? रविवारी ये आणि तेवढं तू कर. नाही आलीस, तरी प्रयोग होईल, कपाळ तेवढं कोरं राहील.

तुझाच, तू म्हणतेस तसा अडेलतट्टू,
योगी