घरचीच होती म्हणून

॥ श्री ॥

उंब्रज,
६ जुलै २०२४

चि. सौ. रेश्मा हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझी लेक रुळली एकदाची. सुरुवातीला संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसायची, आता दिवसभर वहिनीच्या मागे मागे असते. शाळेत सर म्हणायचं आणि घरी मामा, हे तिनं आपल्या मनानंच ठरवलंय. परवा वर्गात चुकून मामा म्हणाली तर पोरं खो खो हसली, आणि आता निम्मी तिसरी मला मामा म्हणते. ही तुझ्या लेकीची करणी.

महत्त्वाचं असेल ते पत्रात लिहायचं, ही आबांनी पलटणीतून आणलेली शिस्त. आबा गेले तरी माझ्यानं ती मोडवत नाही, म्हणून फोन सोडून लिहितो आहे. शिवांजली हुशार आहे, पण वाचन कच्चं आहे. गोष्ट आपण वाचून दाखवली तर वर्गात सगळ्यात आधी तिला कळते. स्वतः वाचायला बसली की एकेका अक्षरावर बोट ठेवते, जोडाक्षर आलं की अडते, आणि ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. तू काळजी करू नकोस. तू तुझ्या दवाखान्याच्या ड्युट्या सांभाळ, वीरधवलरावांना सीमेवर निवांत राहू दे, पोर माझ्यावर सोड. पंधरा दिवसांत पायाभूत चाचणी आहे, तेव्हा नक्की कुठं अडतंय ते कळेलच.

पत्राचं उत्तर पत्रानंच दे, आळस करू नकोस.

तुझा,
धैर्यशीलदादा

---

कडेगाव,
९ जुलै २०२४

ति. दादास,
रेश्माचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जिवाला बरं वाटलं, आणि शेवटच्या दोन ओळींनी ते सगळं घालवलं. आता ही चाचणी कसली? आमच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सांगितलं की त्यात कमी पडलं की पोरावर ढ म्हणून शिक्का बसतो आणि तो कॉलेजपर्यंत पुसत नाही. मी तिला म्हटलं की माझा भाऊ मुख्याध्यापक आहे, त्याला विचारते. तेव्हा नीट समजावून सांग, आणि तुमच्या परिपत्रकाच्या भाषेत नको. आठ वर्षांच्या पोरीची परीक्षा घेऊन तुम्हाला असं काय कळणार आहे, जे तुला तिच्याबरोबर रोज ताटावर बसून कळत नाही?

वहिनींना सांग, तिला दुधावरची साय रोज देऊ नका, इथं आल्यावर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवेल. तिचे बाबा फोनवर पहिलं तिचंच विचारतात. तुझ्या भरवशावर मी हसून बोलते.

माया आहेच, अशीच राहू दे.

तुझी,
रेश्मा

---

उंब्रज,
१२ जुलै २०२४

चि. सौ. रेश्मा हिस आशीर्वाद.

तुझ्या सिस्टरला म्हणावं, सुया टोचायचं काम कर. तिसरीत या चाचणीनं कुणी नापास होत नाही.

चाचणीतून कळतं ते आणि रोज बघून कळतं ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचणीची पुस्तिका सगळ्यांना सारखीच येते. शेजारी कुणी सांगणार नाही, सर मदत करणार नाहीत. त्या दिवशी, त्या कागदावर, पोराला एकट्यानं काय जमलं एवढंच ती सांगते. पोराला ताप असेल, घरी भांडण झालं असेल, तर तेही त्या मार्कांत उतरतं. दुसरं म्हणजे आम्ही शिक्षक वर्षभर जे पाहतो ते. कोण तोंडी सांगतो पण लिहीत नाही, कोण दुसऱ्याचं बघून लिहितो, कोण नुसता लाजतो. त्यातही खोट असतेच. आवडतं पोर आम्हाला जरा जास्तच हुशार दिसतं. म्हणून दोन्ही लागतात, एक दुसऱ्याला ताळ्यावर ठेवतं.

आणि हे सगळं पोरासाठी असतं. चाचणीत जे मागे दिसतील त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर जादा तास आहे. एक बाई खास त्यासाठी येणार आहेत, वाचन शिकवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. शिवांजली त्या तासाला बसेल असं दिसतंय, आणि बसावीच. दिवाळीपर्यंत घडाघडा वाचेल, हा मामाचा शब्द.

बाकी गेल्या वर्षी याच चाचणीत केंद्रातल्या सगळ्या शाळांत आपली शाळा पहिली आली होती, त्याचा फलक सरपंचांनी हायवेला लावलाय. माझाही फोटो आहे त्यावर. येताना बघ, हसू नकोस.

दादा

---

कडेगाव,
६ नोव्हेंबर २०२४

ति. दादास नमस्कार.

भाऊबीजेला तुला ओवाळलं तेव्हा मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ओवाळलंच असतं, पण तोंडावर विचारलं असतं.

सुट्टीला घरी आलेल्या शिवांजलीला काल सहज म्हटलं की बाबांना फोनवर दोन ओळी वाचून दाखव. तिनं पुस्तक मिटून ठेवलं. मग मी त्या चाचणीचं विचारलं. ती म्हणाली की ती बसलीच नव्हती. मामानं सकाळी सांगितलं की आज तू मामीजवळ घरीच राहा, तुला ताप हाय. तिला ताप नव्हता, दादा. दिवसभर ती वहिनींबरोबर मेथी निवडत होती. तिनं मामीला विचारलं, तर मामी म्हणाली की मामाच्या शाळंचं लय नाव हाय, तू एक दिवस न्हाई गेलीस तर काय बिघडतंय?

आणि तो जादा तास? ज्यांची नावं चाचणीतून आली, ती पोरं संध्याकाळी त्या बाईंपुढं बसतात, आणि माझी पोर दप्तर घेऊन एकटी घरी येते. चाचणीला नाही, म्हणून यादीत नाही. तूच तर मला लिहिलं होतंस की हे सगळं पोरासाठी असतं!

आम्ही पेशंटचा ताप मोजतो तो औषध द्यायला. वॉर्डचा आकडा चांगला दिसावा म्हणून तापलेल्या माणसाला बाहेर पाठवून दिलं, तर लोक आम्हाला बडवतील, आणि बडवावंच. वर्गात कच्ची पोरं आणखीही असतील. माझीच का? एवढं लिही. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

रेश्मा

---

उंब्रज,
१० नोव्हेंबर २०२४

चि. सौ. रेश्मा,

तू विचारलंस, तेव्हा खरं लिहितो. चाचणीच्या आदल्या दिवशी वरून निरोप आला की पहिल्या आलेल्या शाळा खाली घसरलेल्या चालणार नाहीत. कच्ची पोरं आणखी होती, तुझं बरोबर आहे. पण दुसऱ्याचं पोर घरी बसवलं असतं तर त्याचा बाप सकाळी शाळेच्या फाटकात उभा राहिला असता. शिवांजली घरचीच होती म्हणून. भाचीच्या बाबतीत मला कोण जाब विचारणार, असं वाटलं. तू विचारशील हे मनातसुद्धा आलं नाही.

गैरहजर पोराची चाचणी ते शाळेत आलं की घ्यायची असते. घेणार होतो. घेतली तर मार्क भरावे लागतात, म्हणून आज-उद्या करत राहिलो. तिला घरीच शिकवीन म्हटलं होतं. आधी निवडणुकीची ट्रेनिंग, मग याद्या, संध्याकाळ कधी हाताशी लागलीच नाही. त्या बाईंना सांगून तिला नुसतं तासाला बसवता आलं असतं. पण त्या विचारतील की हिची चाचणी का नाही, याची लाज वाटली. यातलं काहीच तुला सांगण्यासारखं नाही, तरी सांगतो आहे.

सुट्टी संपली की तिला पाठव. पहिल्या दिवसापासून जादा तासाला बसवतो, कोण काय म्हणेल ते म्हणो. वहिनी नीट जेवत नाही. पोरीला त्या दिवशी घरी ठेवल्याचा दोष मी तिच्यावर ढकलणार नाही, तिला मीच सांगितलं होतं. मला क्षमा कर. तुझा मोठा भाऊ आहे, एवढं विसरू नकोस.

दादा

---

कडेगाव,
१९ डिसेंबर २०२४

ति. दादास,
रेश्माचा नमस्कार.

तिला पाठवलं नाही, इथल्याच शाळेत घातली, हे तुला कळलं असेलच. ड्युटीचं मी कसंबसं जमवते. तुझी पत्रं मिळाली, उत्तर द्यावंसं वाटलं नाही. आज द्यावं लागतंय.

इथल्या बाई चांगल्या आहेत. परवा त्यांनी वर्गात सांगितलं की उद्या मी एकेकाचं वाचन ऐकणार. मार्क नाहीत, कागद नाही, कोण कुठवर आलंय एवढं बघायचं होतं त्यांना. काल सकाळी शिवांजलीनं गणवेश घातलाच नाही. म्हणाली, ताप हाय. कपाळाला हात लावला तर गार. मी रागावले नाही, जवळ घेऊन विचारलं. तर मोठ्या माणसासारखी मलाच समजावू लागली, की बाई लय चांगल्या हायत, माझ्यामुळं त्यांचं नाव खाली जायला नको. आज मी घरी राहते, उद्या जाईन.

मी सांगितलं की बाईंना तुझंच वाचन ऐकायचंय. ज्याला येत नाही त्याचंच आधी ऐकतात, शाळा त्यासाठीच असते. तिनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुला न्हाई म्हाईत, मामा सर हाय, त्याला म्हाईत हाय.

दादा, तिला तुझा राग आलेला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं. तू केलंस ते बरोबर होतं असं ती मानून बसली आहे. काल दिवसभर शहाण्यासारखी घरात बसून राहिली, एकदाही बाहेर डोकावली नाही.

माझ्याकडे पुन्हा क्षमा मागू नकोस. रविवारी ये. तिच्यासमोर बस आणि तू चुकलास असं तुझ्या तोंडानं तिला सांग. माझं ती खरं धरत नाही, शाळेतलं तुझंच खरं धरते.

वहिनींस नमस्कार. जेवत जा म्हणावं.

तुझी,
रेश्मा