शेजारी नुसतं बसायचं काम

वहिनी,

पडदे झाले! सगळे! दादाच्या मित्राच्या दवाखान्यात लावायला निघालोय. तू उठेपर्यंत थांबलो तर मध्येच दुसरं काहीतरी हातात घेईन. परवा इस्त्री शोधायला गेलो आणि पंख्याची पाती पुसत बसलो, ते तू पाहिलंसच.

माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की माझ्यासारख्या एडीएचडी असलेल्या, लक्ष एका जागी न टिकणाऱ्या माणसाशेजारी कुणी नुसतं बसलं, तरी त्याला काम सुरू करता येतं. मला थट्टाच वाटली होती. पण काल तू शिलाई मशीनशेजारी स्वेटर विणत बसलीस, "झालं का?" असं एकदाही विचारलं नाहीस, आणि महिनाभर कापून पडलेलं कापड मी एका बैठकीत शिवून टाकलं. मला अजून खरं वाटत नाहीये.

धुतलेले कपडे तेवढे वाळत घाल. ते राहिलेच.

हे काम दादाने मिळवून दिलं आणि माझ्या उशिरापायी त्याची मित्रापुढे मान खाली गेली. त्याचा राग मला कळतो. आज पडदे लागले की मित्रच त्याला फोन करेल.

उद्यापासून सोफ्याची कव्हरं शिवायची आहेत आणि तुझी तर दुपारपाळी. दादाला विचारशील, माझ्याजवळ पेपर वाचत बसशील का म्हणून? एक शब्दही बोलावा लागणार नाही म्हणावं. तसाही तो आठवडाभर माझ्याशी बोलत नाहीये, म्हणजे या कामाला त्याच्याइतका लायक माणूस घरात दुसरा नाही.

तुझा धांदरट दीर